वरच्या मजल्यावरचं व्हायोलिन

पस्तिशी उलटून गेली तरी घरात आणि घराबाहेर सगळे तिला छोटीच म्हणत. उंचीने ती अक्कापेक्षा वीतभर जास्त होती. पण अक्का थोरली, म्हणून ही छोटी, विषय संपला. अक्षरं गिरवायच्या आधीपासून तिच्या हनुवटीखाली व्हायोलिन होतं आणि डाव्या जबड्याशी त्याने काळपट वण पाडला होता. नव्याने भेटणाऱ्यांना वाटायचं, बाई लहानपणी भाजली असणार.

ती चांगली वाजवते याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. लहान सभागृहात ती आणि तिचा पियानोवाला बसले की लोक खोकायचेसुद्धा थांबत. पियानोवाल्याला ती ढब्बू म्हणायची. तो तसाच होता, गोल आणि कायम हसरा, आणि शिकायच्या वयापासून तिच्या साथीला. घोडं अडायचं ते मोठ्या सभागृहात. मागे अख्खा वाद्यवृंद वाजायला लागला की छोटीचा आवाज पुढच्या काही रांगांतच विरून जायचा. मागे बसलेल्यांना तिचा हात हलताना दिसायचा, एवढंच.

"हात सोन्याचा आहे गं, पण वाद्यातून पितळ निघतं," ढब्बू म्हणायचा.

"पितळ म्हणू नकोस. काकांनी केलंय ते."

काका म्हणजे तिचे कारागीर. त्यांनी स्वतः लाकूड निवडून, तासून तिच्यासाठी ते व्हायोलिन घडवलं होतं. प्रामाणिक वाद्य होतं, पण तरुण होतं. जुन्या वाद्यांच्या आवाजात जे मुरलेलं असतं, ते त्याच्यात यायला अजून दोन पिढ्या लागल्या असत्या. छोटीकडे दोन पिढ्या नव्हत्या. मोठी आमंत्रणं आता तिच्याहून लहान मुलींना जायला लागली होती.

अशाच एका फसलेल्या कार्यक्रमानंतर मावशी आल्या. पडद्यामागच्या खोलीत छोटी गजाचे केस सैल करत बसली होती. दारात एक बारकुळी, ताठ म्हातारी उभी. राखाडी कोट, हातात काठी, पण काठीवर भार नाही.

"तुझं शेवटच्या रांगेत काही ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या.

छोटीच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

"म्हणून मी मध्यंतरात उठून पुढे येऊन बसले. पुढे सगळं ऐकू आलं. उद्या दुपारी घरी ये. एक वाद्य आहे माझ्याकडे. बरेच दिवस गप्प पडलंय."

"तुम्हाला काय म्हणू मी?"

"मावशी म्हण. सगळ्या तेच म्हणतात."

'सगळ्या' हा शब्द छोटीने तेव्हा ऐकला आणि सोडून दिला.

मावशींचं घर म्हणजे चढावरच्या गल्लीतलं शेवटचं, दोन मजली, दगडी. सासऱ्यांनी जमवलेली वाद्यं एका काचेच्या कपाटात टांगलेली होती आणि कपाटात दमट हवा सोडणारं यंत्र मांजरासारखं गुरगुरत होतं. मावशींना स्वतःला एक सूर वाजवता येत नव्हता. त्यांनी कपाट उघडलं, मधलं व्हायोलिन काढलं आणि तान्हं मूल द्यावं तसं छोटीच्या हातात दिलं.

छोटीने उघड्या तारेवरून एकदाच गज ओढला आणि हात थांबला. आवाज तिच्या हातातून निघाला होता, पण आला होता खोलीच्या चारही कोपऱ्यांतून. खिडकीची काच बारीक थरथरली. आपण इतकी वर्षं दाराबाहेर उभं राहून बोलत होतो आणि आज कुणीतरी दार उघडलं, असं तिला वाटलं. डोळे भरून आले, तिने पुसलेही नाहीत.

"घेऊन जा," मावशी म्हणाल्या. "वाद्य वाजलं नाही तर मरतं. पैसाअडका काही नको. फक्त आठवड्यातून एकदा येऊन मला ऐकवत जा. एवढं करशील ना एका म्हातारीसाठी?"

एवढंच तर मागितलं होतं. नाही कोण म्हणणार?

त्यानंतरची दोन वर्षं छोटीचं नशीब फळफळलं. ज्या सभागृहात ती दबून जायची, त्याच सभागृहात शेवटच्या रांगेतला माणूस पुढे वाकून ऐकायला लागला. वाद्यवृंदांचे संचालक स्वतः फोन करू लागले. विमानात ती व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसायची, हॉटेलात उशाशी ठेवायची. अक्का चिडवायची, "नवरा केला असतास तर त्यालाही इतकं जपलं नसतंस."

मावशी प्रत्येक कार्यक्रमाला यायच्या. परगावीसुद्धा. आधी छोटीला त्याचं कौतुक वाटलं, मग सवय झाली, मग एकदा सुरुवातीलाच प्रेक्षकांत तो राखाडी कोट दिसला नाही तेव्हा आपला जीव कासावीस झाला, हे तिच्या लक्षात आलं. त्या दिवशी कोट उशिरा आला. तोवर छोटीने दोनदा सूर चुकवला होता.

मग बारीकसारीक सूचना सुरू झाल्या. केस बांधूनच वाजव, मोकळे केस वाद्याला लागतात. अमुक रचना नको, तिच्यात गज फार आपटतो. तमुक गावी नको, तिथली हवा कोरडी. सगळं वाद्याच्या भल्याचं, त्यामुळे वाद घालायला जागाच नाही.

एका दुपारी चहाचा कप खाली ठेवत मावशी म्हणाल्या, "तुझा तो पियानोवाला. जोरात वाजवतो."

"तो तसा नाहीये हो. मी सांगते त्याला हळू वाजवायला."

"सांगू नकोस. बदल."

छोटी हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी उठून व्हायोलिन छोटीच्या पेटीतून काढलं, रुमालाने पुसलं आणि काचेच्या कपाटात टांगून दार लावलं.

"थोडे दिवस विश्रांती देऊ त्याला. तू विचार कर."

पुढच्या आठवड्यात मोठा कार्यक्रम होता. छोटीने तीन दिवस विचार केला असं म्हणायचं, पण खरं तर पहिल्याच संध्याकाळी तिचं ठरलं होतं. उरलेले दोन दिवस ती ढब्बूला कसं सांगायचं ते जुळवत होती.

ढब्बू चिडला नाही, हेच वाईट झालं. त्याने पियानोचं झाकण सावकाश खाली केलं आणि विचारलं, "उद्या ती बाई म्हणाली अक्काला बदल, तर?"

"काहीतरीच काय बोलतोस!"

"बरं," म्हणाला, आणि छत्री न घेताच गेला. बाहेर बारीक पाऊस होता.

उन्हाळ्यात मावशींनी घराचा वरचा मजला रिकामा केला. "तुझ्या घरी कधी गरम, कधी गार. वाद्याच्या लाकडाला ते सोसत नाही. इथे राहा. सराव कर, खा, झोप. मी खाली आहे, तुझ्या वाटेत येणार नाही." अक्का नको नको म्हणत होती. छोटीने तिचं बोलणं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं.

वरच्या खोल्या स्वच्छ होत्या. मोठी खिडकी, पांढऱ्या भिंती, सरावाला उभं राहायच्या जागी लाकडी जमीन गुळगुळीत झिजलेली. पहिल्याच सकाळी ती त्या झिजेवर उभी राहिली आणि तिचे पाय तिथे नेमके बसले. कुणीतरी बरीच वर्षं इथेच उभं राहत होतं.

मावशी वर कधीच आल्या नाहीत. त्यांना यावं लागायचंच नाही. छोटी एखादी ओळ अर्धवट सोडून पाणी प्यायला थांबली की खालून काठीचे ठोके यायचे, छतावर, म्हणजे तिच्या तळपायाखाली. टक टक. मग फोन वाजायचा.

"का थांबलीस?"

"पाणी पीत होते मावशी."

"बरं. पी."

फोन बंद. पण खाली कुणी हललेलं नसायचं. कुणीतरी मान वर करून बसलंय हे छोटीच्या पायांना कळायचं. ती पुन्हा वाजवायला लागायची. काही आठवड्यांनी ती पाणी न पिताच वाजवायला लागली. अक्का भेटायला आली तर मावशी दारातच सांगायच्या, "सराव चाललाय तिचा." आणि तो चाललेलाच असायचा.

तारांखालची घोडी थोडी कलली म्हणून छोटी व्हायोलिन घेऊन काकांकडे गेली. काकांचं दुकान म्हणजे डिंक, भुसा आणि रंगरोगणाचा वास. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाद्य उजेडात धरलं, घोडी सरळ केली, आणि मग उगाचच त्याच्या खांद्याजवळचा झिजलेला भाग अंगठ्याने चोळत बसले.

"इथलं रोगण हाताच्या घामाने गेलंय," ते म्हणाले. "तुझ्या नाही. तुझ्या आधीचीच्या."

"कोण होती आधी?"

"म्हणजे तुला सांगितलं नाही त्यांनी?" काकांनी चष्मा खाली ओढला. "होती एक. तुझ्यापेक्षा सरस म्हणणार नाही, पण तुझ्या तोडीची. बाजारात चष्म्याच्या दुकानात असते आता. वाजवत नाही."

"का?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी लाकडाचा माणूस." पण वाद्य पेटीत ठेवताना ते हळूच म्हणाले, "जाऊन विचार हवं तर. आणि छोटी, वाद्य नेऊ नकोस तिथे."

हेच तिने ऐकायला हवं होतं. पण वाद्य ठेवणार कुठे? मावशींकडे ठेवलं तर "एकटी कुठे निघालीस" आलंच. छोटी पेटी पाठीवर टाकून तशीच बाजारात गेली.

दुकान लहान, उजळ. गल्ल्याशी एक पोटसुट्या, भला वाटणारा माणूस कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू पिळत होता. कोपऱ्यात टेबलाशी एक सात-आठ वर्षांची मुलगी जुन्या फ्रेमा नाकावर लावून आरशात तोंडं वेडावत होती. आणि त्यांच्यामागे, भिंगं पुसत, ती. छोटीने तिला ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही. डाव्या जबड्याखाली तोच काळपट वण होता, आता फिका पडलेला.

तिनेही छोटीला ओळखलं, पण चेहऱ्यावरून नाही. ती पेटीकडे बघत होती.

"आत या," ती म्हणाली. आतल्या खोलीत खोकी रचलेली होती. दोघी दोन खोक्यांवर बसल्या.

"माझं लग्न ठरलं, तेव्हा मी हरखून सांगायला गेले तिला," आधीची सांगू लागली. आवाज सपाट होता. "मावशी म्हणाली, छान. कार्यक्रमाच्या सकाळी उठले तर पेटी रिकामी. कपाटाला कुलूप. मी दुसरं व्हायोलिन मागून आणलं आणि स्टेजवर गेले. आणि माझ्या कानांनी ते घेतलंच नाही. बोटं बरोबर पडत होती, पण कान म्हणत होते, हा तुझा आवाज नाही. मी मध्येच थांबले. हजार माणसांसमोर. मग पुन्हा कुठलंच हातात धरवलं नाही."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

छोटीने पाठीवरची पेटी काढून मांडीवर घेतली.

"तुझं जुनं आहे ना अजून?" आधीचीने विचारलं. "मग आजपासून तेच वाजव. कान विसरायच्या आत. आणि हे परत दे. तिने काढून घ्यायच्या आधी तू दे." ती उठली. दारापर्यंत गेली. तिथूनच, पाठ फिरवून, बारीक आवाजात म्हणाली, "एकदा बघू?"

काकांचं बोलणं छोटीला आठवलं. पण समोरच्या बाईने नुकतंच तिला वाचवलं होतं. तिला नाही कसं म्हणायचं? तिने पेटी उघडली.

आधीचीने व्हायोलिन उचललं आणि तिचा खांदा, मान, कोपर, सगळं आपोआप जागच्या जागी गेलं. तिने काही मोठं वाजवलं नाही, एक साधी संथ ओळ. बोटं गंजली होती, सूर थोडे घसरले. पण तो आवाज! छोटीच्या अंगावर काटा आला. गेली दोन वर्षं ती ज्याला स्वतःचा आवाज समजत होती, तोच हा, जसाच्या तसा. बाहेर स्क्रू पिळण्याचा आवाज थांबला. मुलगी दारात येऊन उभी राहिली, नाकावर मोठ्या माणसाचा चष्मा. आईला असं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"आई?"

आईने ऐकलं नाही.

शेवटी छोटीनेच हात पुढे केला. आधीचीने वाद्य लगेच दिलं नाही. क्षणभर दोघींचेही हात त्याच्यावर होते, आणि छोटीला जरा जोर लावावा लागला.

"जा आता," आधीची म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "लवकर जा."

त्या दिवसापासून छोटी रोज संध्याकाळी फिरायला म्हणून अक्काकडे जायची. काकांनी केलेलं जुनं व्हायोलिन तिथे माळ्यावर होतं. तारा बदलल्या आणि वाजवायला घेतलं, तर पहिल्या दिवशी तिला रडू कोसळलं. आवाज असा की कांबळ्याखालून कुणी बोलतंय. आधीचीचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. कान हटून बसले होते.

"होत नसेल तर राहू दे की," अक्का दारातून म्हणाली.

"राहू दिलं तर संपेन मी, अक्का."

मग अक्काने दार लावून घेतलं आणि शेजाऱ्यांची तोंडं स्वतः सांभाळली. छोटी हट्टाने वाजवत राहिली. कानांना फसवायचं नाही, समजवायचं, असं तिने ठरवलं. जे आहे ते हे, एवढंच. एक दिवस ढब्बू आला. त्याला अक्कानेच बोलावलं होतं. तो अक्काच्या जुन्या पियानोशी बसला आणि तिची ओळ जिथे होती तिथून उचलली.

मोसमातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाचा दिवस आला. छोटीने सकाळीच पेटी उचलली आणि जिना उतरली. काय बोलायचं ते तिने पाठ केलं होतं. तुमचे उपकार विसरणार नाही वगैरे.

बैठकीच्या खोलीचं दार उघडंच होतं. मावशी त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर, कोचाच्या अगदी कडेला, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आधीची बसली होती. पायाशी कपड्यांची लहानशी बॅग.

"बघ कोण आलंय," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट खूप दिवसांनी माहेरवाशीण यावी तसा लाड होता. "पहाटेपासून बाहेर उभी होती वेडी. बेलसुद्धा वाजवेना. तूच गेली होतीस ना तिच्याकडे? बरं केलंस."

छोटीचं पाठांतर पार उडालं. "तुम्ही इथे काय करताय?" तिने आधीचीला विचारलं. "मुलगी कुठाय?"

"शाळेत." ती पेटीकडे बघत होती.

"चला माझ्याबरोबर. आत्ता. मी परतच द्यायला आलेय हे. तुम्हीच म्हणाला होतात—"

"तू दे ना मग," आधीची म्हणाली. एवढंच.

"ठेव तिथे टेबलावर," मावशी म्हणाल्या, "आणि वरच्या मजल्याची किल्ली पण. संध्याकाळी छान वाजव. मला यायला जमणार नाही."

छोटीने पेटी ठेवली. ठेवली नसती तर काय झालं असतं, हा विचार नंतर तिने पुष्कळ केला. पण त्या घडीला तिला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं, एवढंच खरं. गल्लीच्या वळणाशी पोचेपर्यंत वरची मोठी खिडकी उघडली गेली आणि तारा जुळवल्याचा आवाज आला. मग काठीचे ठोके. मग ती संथ ओळ, गंजलेली, पुन्हा पुन्हा, न थांबता.

संध्याकाळी छोटी काकांचं व्हायोलिन घेऊन स्टेजवर गेली. संचालकाला तिने आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने वाद्यवृंदाला जमेल तेवढं दाबून धरलं. पहिला भाग कसाबसा गेला. दुसऱ्या, संथ भागात तिचे कान एकदाचे नमले आणि तिने मनापासून वाजवलं. मागच्या रांगांपर्यंत सगळं पोचलं नसेल. टाळ्या आल्या, पूर्वीइतक्या नाहीत. अक्का मात्र उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि ढब्बूने शिट्टी मारून शेजारच्या बाईंच्या शिव्या खाल्ल्या.

पडद्यामागच्या खोलीत ती आली तेव्हा तिथे एक माणूस उभा होता. हातात टोपी, शर्टाच्या खिशात चष्म्याचा बारीक पेचकस. त्याच्याजवळ, त्याच्या कोटाचं टोक धरून, ती मुलगी.

"तुम्ही त्या दिवशी आमच्याकडे आला होता," तो म्हणाला. तो भांडायला आला नव्हता. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. "त्यानंतर ती झोपली नाही हो. जेवताना टेबलावर बोटं चालायची. मला वाटलं, जाईल चार दिवसांत. आज शाळा सुटली तर हिला घ्यायला कुणी नव्हतं. मी त्या बाईंच्या घरी जाऊन आलो. दार उघडत नाहीत. वर वाजतंय सारखं." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही का आला होता आमच्याकडे?"

तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटी अक्काच्या हातात दिली आणि कोट अंगात घातला.

"चला," ती म्हणाली.

चढावर पोचली तेव्हा पुरता अंधार पडला होता. तिघंही दगडी घरासमोर उभी राहिली. वरच्या खिडकीत दिवा होता आणि वाजवणं चालू होतं. सकाळपेक्षा बोटं मोकळी झाली होती, सूर आता घसरत नव्हते. फार सुंदर वाजत होतं, आणि छोटीला त्याचीच भीती वाटली. तिने बेल दाबली. पुन्हा दाबली. मग दारावर मुठी आपटायला लागली.

"आई!" मुलीने हाक मारली.

वरचा आवाज ओळीच्या मधोमध थांबला.

तिघंही मान वर करून बघत राहिली. खिडकीपाशी कुणीतरी आलं, पडद्यावर सावली पडली. नवऱ्याने हात उंचावला. मुलगी पुन्हा हाक मारायला श्वास घेत होती, तेवढ्यात घरातून आवाज आला, टक टक, आणि सावली खिडकीपासून मागे सरली.